खडूच्या खुणांची गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनीलाही सांग आणि पोरांचे गालगुच्चे घे. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी "अरे दादा" म्हणेपर्यंत तुझं सगळं ठरवून झालेलं असतं, वर "ऐक माझं" म्हणून ठेवूनही देतोस. म्हणून लिहायला बसले. सातवीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. चुका काढत बसू नकोस, नुसतं वाच.

ह्यांच्या पायाला अजून बाहेरून सळया आहेत. चिमणी म्हणते बाबांच्या पायाला कुंपण घातलंय, आणि येईल त्याला कौतुकानं दाखवते. हाड धरतंय म्हणाले डॉक्टर. घोटा मात्र आता वळायचा नाही, सरळ तो सरळच राहणार. हे सगळं ऐकून घेतात, मान हलवतात, आणि घरी आले की खाटेवर पडून छताकडे बघत बसतात. चिमणीच्या कपाळावरची खोक भरून आली. दारात पडली होती ती, तुला सांगितलं होतंच. पातेल्यावर आपटलेल्या माझ्या हाताचंही बरं आहे, त्याचं काही विशेष नव्हतं.

आता चिडू नकोस. आधी पाणी पी आणि मग पुढचं वाच. आम्ही घरात मोटारसायकल बनवतोय.

विकत आणत नाही, बनवतोय. अपघातात जुन्या गाडीचं पुढचं सगळं चेपून गेलं पण इंजिन शाबूत राहिलं. तेच घ्यायचं, खालचा सांगाडा नवा जोडायचा आणि डाव्या बाजूला तिसरं चाक लावून त्यावर पाळण्यासारखी एक पेटी बसवायची. तीन चाकं म्हटल्यावर गाडी घसरून आडवी पडायचा प्रश्नच नाही. पेटीत अंड्यांचे ट्रे राहतील. ह्यांच्या डाव्या पायानं आता गिअर पडणार नाही, म्हणून इंजिनाखालून एक दांडी घालून गिअर उजव्या पायाकडे आणायचा. उजव्या पायाचा ब्रेक होता तो हातात द्यायचा. म्हणजे डावा पाय पाहुण्यासारखा नुसता बसून राहील. तीन चाकांचं डोकं कुणाचं, ते विचारू नकोस.

घाई एवढ्यासाठी की ह्यांची दुकानोदुकानी अंडी पोचवायची फेरी आहे ती जाईल. पोल्ट्रीच्या मालकीणबाई, त्यांना सगळे काकूच म्हणतात, घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, "एप्रिल संपेपर्यंत माझा गडी पाठवून दुकानं सांभाळते. मे उजाडला की फेरी दुसऱ्याला. मग माझ्या दारात रडायला यायचं नाही." आणि जाताना चिमणीच्या हातात दोन अंडी देऊन गेल्या. तोंडाची बाई फटकळ, पण बोलते ते पाळते. दोन्ही बाजूंनी पाळते, हीच भीती आहे.

तर सगळं घर कामाला लागलंय. धाकटे भावजी ग्रिल आणि गेटच्या कारखान्यात वेल्डिंग करतात, ते सुट्टीला मालकाचं मशीन मागून आणतात. आमच्या सासऱ्यांचा, आप्पांचा, जन्म गेला कपडे शिवण्यात. पुढच्या खोलीत त्यांचं कापायचं टेबल भिंतीला लावलं आणि मधोमध गाडीचा सांगाडा उभा केला. वर लोकांचे शिवायला आलेले कोट लटकतात, खाली इंजिन. सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या कोटाला तेलाचा डाग पडला तर मी सांगणार नाही हं, ही नवी फॅशन आहे म्हणून."

आप्पा गळ्यात टेप आणि कानावर खडू घेऊन लोखंडावर खुणा करतात. परवा भावजींना विचारतात कसे, "शिवणीला किती सोडू?"

भावजी म्हणाले, "आप्पा, लोखंड आहे हे. धुतल्यावर आटत नाही."

"सगळे असंच म्हणतात," आप्पा म्हणाले, "आणि मग जरा ढिलं करून द्या म्हणत परत येतात."

हे दारात खाट टाकून हातात छडी घेऊन पडलेले. "तो नट नव्हे. त्याच्या शेजारचा. अगं शेजारचा म्हणजे डावीकडचा. डावीकडचा म्हणजे माझ्या डावीकडचा, तुझ्या नव्हे." मी म्हटलं, इतकं सगळं तुमचं आहे तर उतरा की खाली. तर हसले. किती दिवसांनी हसले. त्यासाठी तरी हे लोखंड घरात राहू दे असं वाटलं मला.

माझं काम बसायचं. ह्यांना सळयांपायी गाडीवर टांग टाकता येत नाही, भावजी हातात मशीन धरून उभे, सासूबाई म्हणतात मला त्या घोड्यावर बसवू नका. मग उरली कोण? हँडल कुठवर यावं, गुडघ्याला दांडी लागते का, हे बघायला मला बसवतात. इंजिन बंद असतं म्हणून बसते.

तू म्हणतोस चिमणीला घेऊन कायमची ये, मागची खोली रिकामी आहे, त्या बेफिकीर माणसाच्या घरात काय ठेवलंय. दादा, बेफिकीर म्हणू नकोस. बाकीचं बघू. आधी हे पत्र पोचू दे.

तुझी,
धाकटी


१२ मार्च, बुधवार

दादा,

नमस्कार. सगळे ठीक आहेत. वहिनीचा खोकला थांबला का?

तुझं पत्र आलं. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या तीन ह्यांच्या नावानं शिव्या. बरं.

गाडी आता गाडीसारखी दिसायला लागली आहे. पेटी बसली. आप्पांनी आतून जाड गादी शिवून दिली, उभ्या-आडव्या टाक्यांची, कडेला गोट लावून. चिमणीनं तिथं संसारच मांडलाय. बाहुली झोपवते, आपण झोपते, आत कुणी हात घातला तर म्हणते आधी दार वाजवा. सांगाडा, हँडल, बैठक, सगळं आप्पांच्या खुणांवर भावजींनी जोडलं. भावजींचं एक बरं आहे, खडूची रेघ दिसली की तिथं कापतात. का म्हणून विचारत नाहीत. कारखान्यात विचारलं तर मालक ओरडतो म्हणे.

रविवारी इंजिन सुरू केलं.

मला सांगितलं होतं आधी. ह्यांनी स्वतः सांगितलं, "आवाज होईल हं, तू आत थांबलीस तरी चालेल." मी म्हटलं, मी काय लहान आहे? उभी राहिले दारात पदर खोचून. भावजींनी किक मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ते धडधडायला लागलं. सगळे ओरडले आनंदानं. आप्पांनी टेप हवेत उडवली. आणि दादा, मला पुढचं आठवत नाही. मी चिमणीला पेटीतून उचललं आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. चिमणी रडत होती, तिची बाहुली बाहेर राहिली म्हणून. मी तिचं तोंड छातीशी दाबून धरलेलं. सासूबाई दार वाजवत होत्या, "अगं बंद केलं इंजिन, उघड." मी उघडेना. माझ्या अंगाला असा काही घाम सुटला होता की पाठ भिंतीला चिकटली.

मग कुबड्यांचा आवाज आला. हे आले होते दारापर्यंत, पहिल्यांदाच एवढं चालले. दाराबाहेर जमिनीवर बसले असावेत, सळया फरशीला लागल्याचा आवाज आला. मी उघडेपर्यंत बसून राहिले.

तेव्हापासून कुणाची गाडी रस्त्यानं गेली तरी माझा हात आपोआप चिमणीकडे जातो. दुधाच्या पातेल्यावर झाकण खडखडलं तरी दचकते. मला कळतं की हे शहाण्या बाईचं लक्षण नाही. पण कळून काय होतं?

उद्या ह्यांच्या सळया निघाल्या की हे त्या गाडीवर बसणार. चिमणी म्हणणार मला पण. आणि मी दारात उभी राहून दोघांची वाट बघणार, रोज, जन्मभर? नाही व्हायचं माझ्यानं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन ये. येते मी. इथं अजून कुणाला बोलले नाही, तूही फोनवर बोलू नकोस. तोवर गाडी पुरी करून देते, बसायला मी लागते ना. अर्धवट टाकून निघाले असं कुणी म्हणायला नको.

तुझी,
धाकटी


२४ एप्रिल, गुरुवार

दादा,

नमस्कार तुला आणि वहिनीला. हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून तुमच्या गावाला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतेय. चहा पाज त्याला.

एका दमात सांगते, मध्ये थांबले तर राहून जाईल.

सळया निघाल्या महिन्याच्या सुरुवातीला. गाडी अंगणात काढली. नवा रंग मारलेला, काळा, कडेला पिवळी रेघ, ती रेघ आप्पांनी खडू लावून दोरीनं सरळ आखलेली. हे निघाले कुबड्या टाकून, एका हातानं भावजींचा खांदा धरून. मी दाराच्या आत. बसले हे. आणि बसल्याबरोबर आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तुला आठवतं ना, हे आमच्या घरच्या दारातून वाकून आत येतात. आणि मी ह्यांच्या खांद्याला जेमतेम लागते. ह्यांचे दोन्ही गुडघे हँडलला टेकले. कोपरं पोटात शिरली. वळवायला गेले तर हँडल मांडीत रुतलं. उजवा पाय गिअरवर ठेवायचा तर टाच मागं कुठं तरी जाऊन पायाला पेटका आला. मोठ्या माणसानं पोराच्या तिचाकीवर बसावं तसं दिसत होतं.

भावजी म्हणाले, "आप्पा, हे माप कुणाचं घेतलंत?"

आप्पा म्हणाले, "समोर बसलेल्याचं. आणखी कुणाचं घेणार? चाळीस वर्षं समोर उभा राहील त्याचंच माप घेतोय."

"अहो, पण गाडी कुणासाठी आहे?"

"ते शिंप्याला कोण सांगतं? माप घे म्हणून समोर एक माणूस उभा करता, आणि कपडा दुसऱ्याच्या अंगात घालता!"

आणि हे, दोन महिने खाटेवरून छडी फिरवत "हात पोचतो का बघ, पाय नीट टेकतो का बघ" म्हणणारे, तेही माझेच हात आणि माझेच पाय बघून हं हं म्हणत होते की. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, शपथ. मी आपली बसायला सांगितलं की बसत होते.

सासूबाईंना हसू आवरेना. हसता हसता डोळ्याला पदर लावला आणि मग ते हसू राहिलंच नाही.

हे म्हणाले, "कापा परत." भावजींनी सांगितलं, परत कापायचं म्हणजे हँडल, बैठक, दांडी, सगळं नव्यानं, मालक मशीन सुट्टीलाच देतो, मे निघून जाईल अर्धा. मग तेच म्हणाले, निदान चालते का ते तरी बघू, मी फिरवतो. भावजी पंधरा वर्षं मोटारसायकल चालवतात. बसले, निघाले, आणि कोपऱ्यावर त्यांनी सवयीनं डावा पाय दाबला, तिथं काहीच नाही. ब्रेक म्हणून उजवा दाबला, तर तो गिअर. गाडी आप्पांच्या पाण्याच्या पिंपात. पिंप आडवं, भावजी भिजलेले, चिमणी टाळ्या पिटते, "काका परत, काका परत!"

भावजी कपडे पिळत म्हणाले, "ही चालवायची तर जुनं सगळं विसरावं लागेल. ज्याला काहीच येत नाही त्यालाच ही यायची."

दादा, सगळ्यांनी माझ्याकडे नाही बघितलं. कुणीच नाही बघितलं, म्हणूनच मला कळलं. हे तर मान खाली घालून हँडलवरचा चिखल बोटानं पुसत होते.

मी म्हटलं, "कापू नका. मी चालवते."

माझाच आवाज मला परका वाटला. हे म्हणाले, "तू? तुला झाकण खडखडलं तरी धडकी भरते."

"भरू दे की," म्हटलं मी. "धडकी छातीत भरते, हात मोकळेच असतात."

असं बोलले खरं, पण त्या रात्री दोनदा उठून अंगणात गाडीकडे बघून आले.

आता जे लिहायचं म्हणून पहिल्या पत्रापासून टाळत आले ते लिहिते. त्या दिवशी गाडीवर हे एकटे नव्हते. मी होते मागं आणि मधे चिमणी. तिची खोक दारात पडून झालेली नाही आणि माझा हात पातेल्यावर आपटून सुजला नव्हता. वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची खडी रस्त्यावर पसरलेली, चाक घसरलं, पुढचं चाक कडेच्या कठड्यावर आदळलं आणि गाडी आमच्या अंगावर झुकायला लागली. तुला सांगू, माणूस त्या वेळी काय करतो? पाय काढून उडी मारतो. ह्यांनी पाय काढला नाही. उलट खाली रोवला, सगळी गाडी त्या एका पायावर घेतली, आणि ओरडले, "उतर! हिला घेऊन उतर!" मी उतरले. मग तो पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. इंजिन त्या पायावर तसंच धडधडत होतं, बंद कसं करायचं मला माहीत नव्हतं. चावी कुठं असते ते माहीत नव्हतं मला, दादा. रस्त्यावरच्या माणसानं येऊन बंद केलं.

तुला सांगू नको म्हणाले ते. म्हणाले, "तुझा दादा आधीच रागावलाय, वर वाटेल मी उपकार मोजून दाखवतोय." मीही गप्प बसले, कारण तुला कळलं असतं की आम्ही दोघी होतो, तर तू त्याच दिवशी उचलून नेलं असतंस. आता सांगते ते एवढ्यासाठी की, बाईला काही कळत नाही, हौसेनं बसली, असं तू म्हणू नयेस. मला पुरतं कळतं मी कशावर बसले ते. तीन चाकांचं डोकं माझंच होतं.

शिकले कशी ते ऐक आता, जरा हस.

पहिला दिवस ह्यांनी मला नुसतं किक मारायला आणि चावी फिरवायला लावलं. चालू, बंद. चालू, बंद. जाणंयेणं नाही. चिमणीला लांब सासूबाईंच्या कडेवर ठेवलं. पहिल्या वीस वेळा मी मोजल्या. मग मी मोजायचं सोडलं. संध्याकाळपर्यंत अंगठा दुखायला लागला पण एक गोष्ट कळली, हे धडधडणारं माझ्या हातानं गप्प होतं. मी म्हणेन तेव्हा गप्प होतं. त्या दिवशी मी भाजीला मीठ घालायला विसरले आणि घरात सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

मग शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर. रिकामी पेटी उचलली जाते म्हणून पेटीत वजन लागतं. वाळूचं पोतं टाकणार होतो, तर हे म्हणाले मीच बसतो. तो ताठ पाय पेटीबाहेर काढून, आप्पांच्या गोटाच्या गादीला टेकून, राजासारखे. मी वेगाची मूठ पिळली की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक धरला की उजवीकडे. ही नवी सून, हिला समजून घ्यावं लागतं, असं हे म्हणाले. मी म्हटलं, सुनेला कुणी समजून घेतलं ते मला पण दाखवा.

डावीकडे पहिल्यांदा वळले तेव्हा पेटीचं चाक हवेत. हे हवेत. "मूठ सोड, मूठ सोड!" मी मूठ सोडली, चाक खाली, आणि मी गाडी बंद करून उतरून मैदानात बसकण मारली. रडले. हे उतरू शकत नव्हते, माझ्याकडे येऊ शकत नव्हते. तिथूनच म्हणाले, "मला काही झालं नाही. परत वळ." मी म्हटलं, नाही वळत. "मग मी इथंच बसून राहणार का पेटीत? घरी तरी ने." घरी न्यायला वळावंच लागणार होतं ना? वळले.

हे सगळं सरळ झालं असं समजू नकोस. एकदा मैदानातली पोरं ओरडली, "काकू, काका पडतील!" तेव्हा घरी येऊन हे दोन दिवस बोलले नाहीत. जेवले पाठ करून. मी समजूत घातली नाही. आपली अंड्यांची फेरी बायको करणार आणि आपण पेटीत बसणार, हे मला नाही, त्यांना गिळायचंय. तिसऱ्या दिवशी स्वतःच साखळीला तेल घालत बसलेले दिसले. "आवाज येत होता," एवढंच म्हणाले.

अंड्यांची परीक्षा तर विचारू नकोस. पोल्ट्रीच्या काकूंनी तडकलेल्या अंड्यांचे ट्रे दिले सरावाला. पहिल्या दिवशी पेटीत निव्वळ पिवळं तळं. आप्पांनी गादी उसवली, ट्रेच्या मापाचे कप्पे शिवले, मधे कापसाच्या गुंडाळ्या. सासूबाई रोज उकडलेली, तळलेली, परतलेली अंडी वाढत म्हणायच्या, "अजून दोन दिवस ही नीट चालवायला शिकली नाही तर आपण सगळे आरवायला लागू." काकू मात्र शेवटी स्वतः बघायला आल्या. मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, त्यांनी पेटीत हात घालून एकेक अंडं उजेडात धरलं. म्हणाल्या, "ह्याच्या हातून जास्त फुटायची." ह्यांच्यासमोर म्हणाल्या! हे म्हणाले, "काकू, मी ऐकतोय." काकू म्हणाल्या, "मग ऐक."

गाडी तपासून पास झाली, माझं शिकाऊ लायसनही हातात आलं. फोटोत मी भूत बघितल्यासारखी दिसते.

आता तुझं. रविवारी तू येणार. ये. वहिनीला आणि पोरांना घेऊन ये. टेम्पो रिकामा आण आणि रिकामाच घेऊन जा. मीच तुला ये म्हणाले होते, ते माझं बोलणं मी मागं घेते. तुझी मागची खोली माझ्यासाठी झाडून ठेवलीस हे वहिनीनं सांगितलं, ते मी विसरायची नाही. पण मी इथंच राहणार आहे. हे तुला विचारत नाही, सांगते. आणि आल्यावर ह्यांच्याशी बोल. ह्यांच्या पायाकडे बघ आणि मग काय बोलायचं ते बोल, मी मधे येणार नाही.

उद्या पहिली खरी फेरी. हे बरोबर नसतील, पेटीत फक्त अंडी. बाजाराकडे जायला दोन रस्ते आहेत. एक लांबचा, तळ्यावरून, सरळ. दुसरा जवळचा, त्यात ते वळण येतं. परवा सासूबाईंबरोबर चालत जाऊन बघून आले. खडी उचलली आहे कुणीतरी, कडेला थोडी उरली आहे. मी पायानं ती गटारात लोटून दिली. सासूबाईही त्यांच्या चपलेनं लोटायला लागल्या.

लांबच्या रस्त्यानं गेले तर कुणी काही म्हणणार नाही. हेही म्हणाले, तिकडून जा. पण मग रोज लांबूनच जावं लागेल. मी वळणावरून जाणार. तिथं मूठ सोडायची, वळून झालं की पिळायची. मला भीती वाटते दादा, आत्ता लिहितानाही वाटते, अक्षर बघ. उद्याही वाटेल.

तुझी बहीण,
अंडीवाली